‘काल मी सांगितलं ते चुकलं’ : दादरच्या ताईंना जाहीर पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही दारातच बजावलं होतंत, म्हणून नुसतं ताई. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी तर ‘आईचा गुडघा कसा आहे’ म्हणून विचारलंत आणि माझं बोलणं तिथेच राहिलं. म्हणून हे पत्र. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगतो. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही पाच जण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचं चित्रीकरण करणारी पेटी बनवतो. लहान नर्सिंग होमना परवडेल अशी, आत लिनक्स ही संगणकप्रणाली. पेटी बारा-तेरा दिवस नीट चालायची आणि मग एखाद्या सकाळी चित्रीकरण सुरूच व्हायचं नाही. लॉगमध्ये एक ओळ दिसायची : पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४. म्हणजे चित्रीकरणाच्या कार्डाच्या ड्रायव्हरला, ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, मेमरीची ४ केबीची सलग १६ पानं हवी होती, एकूण ६४ केबी, आणि तेवढी मिळाली नाहीत. त्याच क्षणी मोकळी मेमरी दोनशे एमबीहून जास्त होती. एका सर्जनबाईंनी मला फोन करून अगदी शांतपणे सांगितलं, ‘पेशंटचं पोट उघडं असताना मी तुमच्या पेटीकडे बघू शकत नाही.’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तीन दारं वाजवली होती. पहिल्याने तासाचे पैसे घेतले आणि रॅम वाढवायला सांगितलं. आम्ही ३४ पेट्यांची रॅम २ जीबीवरून ४ जीबी केली, उसने पैसे काढून. बारा दिवसांचे वीस झाले, एवढंच. दुसऱ्याने रोज रात्री रीस्टार्ट करायला सांगितलं, जणू रात्री तीन वाजता कुणाचं अपेंडिक्स फुटतच नाही. कार्ड विकणाऱ्यांनी कळवलं की त्यांच्याकडे सगळं व्यवस्थित चालतं. चूक कुणाचीही होऊ शकते, त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की सल्ला फसल्याचं कळवल्यावर तिघांपैकी एकानेही उलट फोन केला नाही. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द आम्हाला कुणी दिले असते, तरी आमचे पाच महिने वाचले असते.

तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, ‘बडीइन्फो बघितलं का?’ मी बघितलं नव्हतं. लॅपटॉपवर ती ओळ उघडली, कोणत्या मापाचे किती सलग तुकडे मोकळे आहेत ते सांगणारी, डावीकडे सर्वांत लहान. अकरा आकडे. डावीकडे हजारोंनी सुटी पानं, तिसऱ्या रकान्यानंतर आकडे आटत गेलेले आणि पुढे शून्य, शून्य, शून्य. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, ‘सुटे भरपूर आहेत, नोट एकही नाही.’

मग तुम्ही गिरगावातल्या तुमच्या माहेरच्या चाळीचा नकाशा काढलात, वाण्याच्या बिलाच्या मागे. प्रत्येक खोली म्हणजे एक पान. शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या की मधली भिंत पाडून मोठी खोली करायची, पण जोड्या ठरलेल्या : शून्य आणि एकची, दोन आणि तीनची. एक आणि दोन लागून असल्या तरी त्यांची भिंत पाडता येत नाही. अशा जोड्यांच्या पुन्हा जोड्या, दहा पायऱ्या, वर ४ एमबीपर्यंत. १९६५ मध्ये केनेथ नोल्टन यांनी मांडलेली ही पद्धत लिनक्समध्ये अजून नांदते आहे, हे सांगताना तुमचा चेहरा आजीच्या पाटल्या दाखवावा तसा झाला होता.

आणि मग तुम्ही पुनर्विकासावर आलात. मुंबईकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. बाकीचे सगळे ट्रान्झिट कॅम्पात जायला तयार असतात आणि एका खोलीमुळे अख्खा प्लॉट अडतो. प्रोसेसची पानं, फाइल कॅशची पानं हलवता येतात, पत्ता बदलला की झालं. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतःसाठी घेतलेली बहुतेक पानं हलत नाहीत, कारण त्यांचा पत्ता कुणीतरी थेट धरून ठेवलेला असतो. म्हणून कर्नलवर काम करणाऱ्या मेल गॉरमन यांनी हलणाऱ्यांना एकीकडे आणि न हलणाऱ्यांना दुसरीकडे बसवण्याची व्यवस्था केली. २००५ पासून वाद, फेरमांडणी, पुन्हा वाद, आणि ती कर्नलमध्ये आली २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ मध्ये. ‘इतकी वर्षं एकाच गोष्टीच्या मागे राहणारी माणसं असतात रे,’ असं तुम्ही म्हणालात. तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा अरेतुरे केलंत. मला फार बरं वाटलं.

निघताना उपाय दिलात : दर तासाला कॉम्पॅक्शन चालवायचं, म्हणजे पानं सरकवून मोकळी जागा सलग करायची. दोन्ही हात टेबलाच्या दोन टोकांना ठेवून तुम्ही ते करूनही दाखवलंत. एक हात खालून हलणारी पानं गोळा करत येतो, दुसरा वरून मोकळ्या जागा शोधत येतो, मध्ये दोघे भेटले की काम संपलं. मी घरी जाऊन रात्रीच स्क्रिप्ट लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंबिवलीच्या फलाटावर उभा होतो. फास्ट लोकलची घोषणा चालू होती आणि तुमचा फोन आला. सात वाजायचे होते.

‘काल मी सांगितलं ते चुकलं. ते लावू नकोस. रात्री दोनला लक्षात आलं, पण त्या वेळी फोन करणं बरं दिसेना.’

गाडी आली, भरली, गेली. मी चढलो नाही.

तुम्ही सांगत होतात की मी पाठवलेली दुसरी फाइल तुम्ही रात्री नीट वाचलीत. न हलणारी पानं एका कोपऱ्यात नव्हती, ती हलणाऱ्यांच्या गाळ्यागाळ्यांत एकेक करून घुसून बसली होती. चित्रीकरणाने मेमरी भरली की कर्नलला स्वतःच्या विभागात जागा उरत नाही आणि तो शेजारच्या विभागातून उचलतो. उचलताना मोठा तुकडा मिळाला तर निदान पसारा एका जागी राहतो, पण भरलेल्या मेमरीत मोठा तुकडा असतोच कुठे? आमचा ड्रायव्हर दर चित्रीकरणाला अशी नवी पानं घेत होता आणि सोडतच नव्हता. ‘कॉम्पॅक्शन यांच्या भोवतीचंच आवरत बसेल. प्रोसेसर तापेल आणि तुझा विसावा दिवस एकविसाव्यावर जाईल. झाडू मारून हे जाणार नाही. मुळात तिथे बसूच द्यायला नको.’

ताई, मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा फोन. तुम्ही काही फी घेतली नव्हती. मी कुणी ओळखीचा नव्हतो, मित्राच्या आत्याच्या शेजारणीने पाठवलेला मुलगा. तुम्ही गप्प राहिला असतात तर मला पुढच्या महिन्यात कळलं असतं आणि मी तुम्हाला दोषही दिला नसता, कारण तोवर मला सल्ले फसण्याची सवय झाली होती. तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाने सकाळी उठून तोंड धुण्याच्या आधी एका परक्या मुलाला ‘माझं चुकलं’ म्हणून सांगावं, हे मी माझ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील गिरणीत होते. ते म्हणायचे, तुटलेला धागा बघून जो साचा थांबवतो तो खरा कारागीर, पुढचं कापड चांगलं निघेल म्हणून चालू ठेवतो तो नव्हे. फलाटावर मला तेच आठवत होतं. सज्जनपणा म्हणजे गोड बोलणं, असं मी आजवर समजत आलो होतो.

पुढचं काम तुम्हाला माहीतच आहे. ड्रायव्हरने मोठे बफर पेटी सुरू होतानाच घ्यायचे आणि तेच पुन्हा पुन्हा वापरायचे, हे बदलायला आम्हाला नऊ दिवस लागले. कर्नल ४.१९ वरून ५.१० वर नेला, कारण ५.० पासून अशी घुसखोरी झाली की कर्नल लगेच मागच्या मागे जास्तीची मेमरी मोकळी करायला लागतो, म्हणजे पुढच्या वेळी शेजारच्याकडे हात पसरावा लागत नाही. आमच्या गाळ्यातल्या धाकट्या मुलीने हे सगळं स्वतः वाचून, स्वतः बसवलं. तुमचा नकाशा तिने टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. आता कुणाला चूक सापडली की ती न लाजता सांगते, आणि बाकीचे ऐकून घेतात. आधी असं होत नव्हतं. माझ्याकडूनही होत नव्हतं.

त्या सर्जनबाईंना मी सगळं खरं सांगितलं, पेटीत काय चुकत होतं ते, आणि आधीचे आमचे उपाय का फसले तेही. त्यांनी दुसरी पेटी मागवली आहे.

तुम्ही वही करायला सांगितली होती, दर सोमवारी बडीइन्फोचा शेवटचा रकाना, म्हणजे ४ एमबीचे किती सलग तुकडे मोकळे आहेत ते, लिहून ठेवायचा म्हणून. वही केली आहे, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्या पेटीला रीस्टार्ट न करता आज ९७ दिवस झाले. आजच्या सोमवारी शेवटच्या रकान्यात २३ आहेत. गेल्या सोमवारी २१ होते. रविवारी वही घेऊन येतो, आई खरवस पाठवते आहे.

तुमचा,
साकीनाक्याचा मुलगा