पिनांगहून, बांगड्यासकट

जॉर्ज टाउन, पिनांग
रविवार, रात्री

प्रिय शुभा,

देवळं-राजवाडे पुरे, खाल्लंस काय ते लिही, असं तू दटावलंस म्हणून आज फक्त तेवढंच. तसंही 2008 साली युनेस्कोनं या शहराला वारसास्थळ ठरवलं ते जुन्या इमारतींमुळे, पण मलेशियातली माणसं इथे सुट्टीला येतात ती जेवायला.

आधी असाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातल्या नूडल्स, कारण तो तुझ्यासाठीच आहे. केक लोक सी या मोठ्या देवळाच्या पायथ्याशी एअर इताम नावाचा बाजार आहे, तिथे खाल्ला. वाडगा समोर आला आणि वासावरूनच कळलं, अगं, हा तर बांगडा! इथे त्याला केंबुंग म्हणतात. उकडून, काटे काढून, कुस्करून त्याच पाण्यात घालतात. शिवाय चिंच, आणि असाम गेलुगोर नावाच्या फळाच्या वाळवलेल्या आंबट फोडी. हे झाड आपल्या रातांब्याच्याच गोत्रातलं, दोन्ही गार्सिनिया. म्हणजे बांगडा आणि आमसुलाचा चुलतभाऊ एकाच टोपात! नारळाचा मात्र थेंब नाही. आत तांदळाच्या जाड, गुळगुळीत नूडल्स, थेट तुझ्या आईच्या शिरवाळ्यांसारख्या. वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या जातीच्या एका फुलाची गुलाबी कळी बारीक चिरून. शेवटी चमचाभर काळी, काकवीइतकी दाट कोळंबीची पेस्ट. ती ढवळलीस की आंबटाला खारट-गोड खोली येते. पहिल्या घासाला मी जरा दचकले, नंतर वाडगा तोंडाला लावून रस्सा प्यायले. तिरफळ असतं तर, असा विचार आला खरा, पण मालवणी माणसाला तो कुठेही येतो.

संध्याकाळी लोरोंग बारू या गल्लीत गाड्या लागतात. तिथे ‘चार क्वे तियाव’ खाल्लं (यातलं ‘चार’ म्हणजे आकडा नव्हे, परतलेलं). तांदळाच्या रुंद, चपट्या नूडल्स, प्रचंड आचेवर परतलेल्या. एका गाडीशेजारी उभी राहून सगळं बघितलं. तापलेल्या कढईत डुकराची चरबी, लसूण, कोळंबी, मग नूडल्स, सोया आणि मिरचीचं वाटण. ते बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडलं, जरा धरल्यावर नूडल्स त्यावर उलटल्या. मुगाचे लांब कोंब, चिनी लसणाची पात, आणि अगदी शेवटी शिंपल्या, नुसती वाफ लागेल एवढ्याच. मोठा घाणा काढला तर कढई गार पडते आणि नूडल्स परतायच्या ऐवजी शिजतात, म्हणून जाणते लोक एकेक प्लेटच करतात. धुराचा तो किंचित करपट वास त्यातूनच येतो. रांग लांबली तरी काका घाई करत नाहीत, आणि रांगेतलंही कुणी कुरकुरत नाही. (सुधीरभाऊजींना चरबीचं आधी सांग. ती नको असेल तर तमिळ मुसलमानांच्या गाडीवरचं ‘मी गोरेंग’, म्हणजे परतलेल्या नूडल्स, त्यांनी खावं. त्यात उकडलेला बटाटासुद्धा असतो, खूश होतील.)

बसायची रीत वेगळी आहे. कॉफीच्या दुकानात निरनिराळ्या गाड्या भाड्यानं उभ्या असतात, पेयं तेवढी दुकानमालकाची. तू टेबल धरायचं, गाडीवर जाऊन टेबलाचा नंबर सांगायचा, प्लेट जागेवर येते आणि पैसे तेव्हाच द्यायचे. पेय घेतलं नाहीस तर मालक नाक मुरडतो, आणि बरोबरच आहे, त्याची कमाई तीच. एका गाडीवर बहुधा एकच पदार्थ. मेन्यूकार्ड दिसलं की मी पुढे सरकते.

नावांवर मात्र जाऊ नकोस. इथे ‘होक्कियन मी’ नावाच्या नूडल्स मागितल्यास तर कोळंबीची डोकी-सालं परतून उकळलेला तांबूस रस्सा मिळतो. क्वालालंपूरला त्याच नावाखाली काळ्या सोयात माखलेल्या जाड नूडल्स येतात, आणि सिंगापुरात कोळंबीच्या रश्शात परतलेल्या, वर लिंबू. तिन्ही गावं आपलंच खरं मानतात. मी तूर्तास पिनांगच्या बाजूची.

डिसेंबरात येतेयस ना? मुक्काम जॉर्ज टाउनमध्येच कर आणि हॉटेलचा नाश्ता घेऊ नकोस, पैसे फुकट जातील. तिकिटं काढलीस की कळव. आईंच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझी,
वैजू