बंड्या, कुऱ्हाडीबद्दल

धरमपेठ, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

काय बे, डंजन्स अँड ड्रॅगन्समधला तुझा अर्ध-ऑर्क बार्बेरियन (रानटी लढवय्या) आठव्या लेव्हलला पोचला आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, कुऱ्हाडीवर नवा मंत्र चढवायची मुभाही दिली! वाचून जळलो, खोटं कशाला सांगू. इथे मे महिन्यात आमचं अर्धं टोळकं गावाला गेलंय. उरलेले खेळायला बसलो की कूलरच्या घरघरीत डीएमचं बोलणं ऐकू येत नाही, आणि कूलर बंद केला तर कोणी बसायला तयार नाही. असो. तू विचारलंस, व्हिशस घेऊ का, तो मारणाऱ्यालाही जखम करणारा मंत्र? फोनवर 'घे ना बे' म्हणून मोकळा झालो असतो, पण हे प्रकरण हिशेबाचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते व्होर्पलचं, म्हणजे मुंडकं उडवणाऱ्या मंत्राचं, खूळ डोक्यातून काढ. तुम्ही साडेतीनच्या, म्हणजे खेळाच्या ३.५ आवृत्तीच्या, नियमांनी खेळता. त्यात हत्याराची जादू + च्या आकड्यांत मोजतात. व्होर्पल हा +५ च्या तोडीचा गुण, आणि त्याआधी हत्यार निदान +१ असावं लागतं, म्हणजे झाले +६. किंमत म्हणजे त्या आकड्याचा वर्ग गुणिले २,०००, म्हणजे ७२,००० सोन्याची नाणी. आठव्या लेव्हलच्या पात्राची सगळी मालमत्ता नियमांत २७,००० धरलेली आहे. एवढं करून मुंडकं उडणार ते वीस बाजूंच्या फाशावर २० पडल्यावर, आणि पुढे क्रिटिकल (जबर घाव) पक्का झाला तर. राहू दे.

व्हिशस मात्र परवडतं. तुझी कुऱ्हाड +१ ची आहे, तिला +२ च्या तोडीला न्यायला ६,००० लागतील. मग लागलेल्या प्रत्येक घावाला समोरच्याला दोन डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे) जास्तीचे आणि तुला स्वतःला एक डी-सिक्स. सरासरीने सात द्यायचे, साडेतीन खायचे. इथेच सगळे खूश होतात, दुप्पट फायदा म्हणून. पण तेवढ्याच पैशात फ्लेमिंग, म्हणजे आगीचा मंत्र, मिळतं, आणि ते साडेतीन देतं तुझ्या केसालाही धक्का न लावता. म्हणजे व्हिशसची कमाई फक्त वरचे साडेतीन, आणि त्यासाठी तू मोजणार साडेतीन. बरोबरीत सुटलास. फ्लेमिंगची गोची एकच, तुमच्या मोहिमेत डेव्हिल आहेत आणि डेव्हिलांना आग लागत नाही. व्हिशसचा मार आग, थंडी, वीज यांपैकी कशातच मोडत नाही, तो त्यांनाही बसतो. म्हणून तुझ्या बाबतीत मी व्हिशसला सरळ नाही म्हणत नाहीये.

माझी भीती तुझ्या रेजची आहे, त्या बार्बेरियनच्या लढाईतल्या संतापाची. रेजमध्ये कॉन्स्टिट्यूशन (अंगाचा काटकपणा) चारने वाढतं, म्हणजे दर लेव्हलला दोन हिट पॉइंट (जीव मोजायचे आकडे), तुला सोळा. रेज उतरला की ते सोळा परत जातात. आणि मार खाताना हे उसने पॉइंट आधी खर्ची पडले, असं नियम धरत नाही. बरेच जण तसंच समजून चालतात. आता बघ. राउंडला, म्हणजे लढाईच्या एका फेरीला, तुझे दोन घाव, दोन्ही लागले तर स्वतःचे सात गेले. पाच राउंडची लढाई धर, पस्तीस. वर ते सोळा. एक्कावन्न! तू रेजमध्ये शंभराच्या आत-बाहेर असतोस म्हणालास, म्हणजे अर्धा जीव तू स्वतःच घालवलास, शत्रूचं तर अजून काही धरलंच नाही. समज, शेवटचा डेव्हिल पाडलास, पाच हिट पॉइंटवर उभा आहेस, टेबलावर जल्लोष चाललाय, आणि रेज उतरला. उणे अकरा. साडेतीनमध्ये उणे दहाला खेळ खलास. बाप्पा, जिंकलेल्या लढाईनंतर मेलेला बार्बेरियन!

लढाईबाहेर हे दुखणं स्वस्त आहे. जखमा भरणारी क्युअर लाइट वुंड्सची वाँड (जादूची छडी) ७५० ला, पन्नास चार्ज म्हणजे पन्नास वेळा वापरायची, दर चार्जला सरासरी साडेपाच हिट पॉइंट परत. म्हणजे तुझ्या एका घावाची किंमत फार तर दहा नाणी. महाग पडते ती लढाई चालू असतानाची मलमपट्टी, कारण तेव्हा तुमच्या क्लेरिकची, म्हणजे जखमा बऱ्या करणाऱ्या पुजारी पात्राची, अख्खी पाळी तुझ्यावर जाते. माझी आतेबहीण आमच्याकडे क्लेरिक खेळते. ती एकदा भडकून म्हणाली होती, "मी काय दवाखाना उघडून बसलेय का?" बरोबरच होतं तिचं.

आणि ती दुसरी कुऱ्हाड, पाचव्या आवृत्तीतून डीएमने आणलेली, बर्सर्करवाली. ती घेऊ नको. दिसायला गोड आहे: +१, शिवाय दर लेव्हलला एक हिट पॉइंट. पण शत्रूने तुला जखम केली की दर वेळी विज्डमची (शहाणपणाची) पंधराची सेव्ह, म्हणजे वीस बाजूंचा फासा आणि तुझे गुण मिळून पंधरा आणायचे, हुकली तर सगळ्यात जवळ जो असेल त्याच्यावर तुटून पडायचं. जवळ कोण असतं तुझ्या? तुमच्यातला तो रोग (चोरटं पात्र), तुझ्या आडोशाने स्नीक अटॅक, म्हणजे बेसावध शत्रूवर घाव, करणारा. तुमच्या नियमांत ती विलची (मनोबलाची) सेव्ह होईल. आठव्या लेव्हलच्या बार्बेरियनला तिथे +२, रेजचे आणखी +२. विज्डम साधारण असेल तर निम्म्या वेळा हुकणार. वर ती शापित, हातातून सोडवतही नाही. व्हिशसमध्ये रक्त तुझं जातं, तू ठरवलंस, तुझं तू बघ. इथे तुझ्या हौसेपायी दुसऱ्याचं पात्र मरतं, आणि त्या पोराने बिचाऱ्याने कदाचित वर्षभर ते पात्र जपलेलं असतं. अशा हत्याराला टेबलावरच्या सगळ्यांचं हो लागतं, नुसतं डीएमचं नाही. आमच्याकडे यावरून दोघं जण महिनाभर बोलत नव्हते, पण ते भेटल्यावर सांगीन.

तर माझं मत: व्हिशस घे, पण पंचवीसच्या खाली आलास की ती कुऱ्हाड बाजूला ठेव आणि साधं हत्यार काढ. पाठीला एक बिनमंत्राची कुऱ्हाड बांधून ठेव, वीस नाण्यांत येते. उरलेल्या पैशातून ती ७५० ची वाँड घे आणि तुमच्या क्लेरिकच्या हातात दे, मागायच्या आधीच.

पुढचा डाव शनिवारी आहे ना? साडेतीनच्या नियमांत रेज आपल्या मर्जीने लवकर सोडता येतो, तरी डीएमला त्याआधी विचारून ठेव. टेबलागणिक वेगळं चालतं. काय ठरलं ते कळव, आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
छोटू