लेकराला निवडायला न लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन मी कोर्टातल्या तुमच्या समुपदेशनाच्या खोलीशी आले होते. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "आम्हाला घेता येत नाही हो, घरी मुलाला द्या." मागे पुढचं जोडपं उभं होतं, त्यामुळे बोलायचं ते मनातच राहिलं. ते आज लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयाची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्या एखादीच्या नजरेला पडलं तर तिला धीर येईल.

तुमच्याकडे येईपर्यंत मी सल्ल्यांनी बेजार झाले होते. "घर सोडून आलीस, आता तुझा हक्क गेला," हे माहेरचेच म्हणत होते. समेटासाठी बसलेल्या वडीलधाऱ्यांनी "पोराकडे बघ आणि नांदायला जा" एवढंच ऐकवलं. पोर तिथेच कोपऱ्यात बसलं होतं, त्याच्याकडे त्यांच्यातल्या एकानेही बघितलं नाही. आणि पहिले वकील! फी आधी घेतली, मग मला शहाणपण शिकवलं. पोलिसांत तक्रार टाका म्हणजे समोरचा नमतो. पोटगीवर पाणी सोडा म्हणजे मुलाचा ताबा सहज मिळतो. आणि मुलाला नीट पढवून ठेवा. या शेवटच्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिसरीतलं पोर ते. बापाविरुद्ध काय बोलायचं हे त्याच्याकडून पाढ्यांसारखं घोकून घ्यायचं?

मला सरळ उत्तरं पहिल्यांदा मिळाली ती तुमच्या टेबलासमोर. त्रासामुळे घर सोडलं म्हणून हक्क बुडत नाही, हे तुम्ही सांगितलंत. सोडून जाणं हे घटस्फोटाचं कारण ठरायला सलग दोन वर्षं लागतात, आणि तेही सबळ कारण नसताना सोडलं असेल तर. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, ताब्याच्या बदल्यात आईने तो सोडून द्यायचा नसतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं असं 1956 चा हिंदू पालकत्वाचा कायदा म्हणतो, पण माझा लेक तेवढा लहान नव्हता. त्याच्या बाबतीत कोर्ट आधी त्याचं हित बघणार, आई की बाप हा प्रश्न त्यानंतरचा. हे ऐकून मी घाबरले, तेव्हा तुम्ही लगेच पुढचं सांगितलंत, की ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो.

बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हा कायदा 1987 चा आहे. मी बांगड्या मोडून फी भरली होती, मॅडम. ज्यांनी ती घेतली त्यांना हा कायदा ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पुढे प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी माझ्याकडून एक रुपया न घेता जीव ओतून काम केलं. त्यांचेही उपकार आहेतच.

तुमच्या खोलीत बोललेलं पुरावा म्हणून वापरलं जात नाही, हे तुम्ही आम्हा दोघांनाही सुरुवातीलाच सांगितलंत. त्या एका आश्वासनावर लेकाचे बाबा किती तरी दिवसांनी मोकळं बोलले. नोकरी गेल्याचं त्यांनी घरात लपवलं होतं, ते तिथे बाहेर आलं. आमचा संसार त्याने जुळला नाही, जुळण्यासारखा राहिलाही नव्हता. पण त्या दिवसानंतर आमचं भांडण थोडं खालच्या आवाजात आलं. आणि तुम्ही आम्हाला एकत्र बांधायचा हट्ट धरला नाहीत. समुपदेशक म्हणजे "जुळवून घ्या" म्हणणारं आणखी एक माणूस, अशी मी मनाची तयारी करून आले होते. तुम्ही विचारलंत, "वेगळे होणार असाल तर मुलाचे आईबाप म्हणून कसे राहणार?" असं आम्हाला तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

तारखा, अर्ज, शपथपत्रं यातलं आता फारसं आठवत नाही. आठवतं ते लेकाला तुम्ही एकट्याला आत बोलावलंत त्या दिवशीचं.

मी या टोकाच्या बाकावर बसले होते, त्याचे बाबा त्या टोकाला. मध्ये लांब व्हरांडा, आणि बघणारी दोन्हीकडची माणसं. आत काय चाललंय या काळजीने माझे हात गार पडले होते. कुणाकडे राहायचं असं विचारत असतील का? तो काय म्हणेल? एवढ्यात दार अर्धवट उघडलं आणि तुम्ही एकट्याच बाहेर आलात. आधी त्यांच्याकडे बघून, मग माझ्याकडे बघून हाक मारलीत, "दोघंही इकडे या. दाराशी, शेजारी शेजारी उभे राहा." आम्ही अवघडून उभे राहिलो. मग तुम्ही लेकाला बाहेर आणलंत.

मला तेव्हा कळलंच नाही. रात्री घरी आल्यावर उलगडा झाला. तो एकटा बाहेर आला असता, तर त्याला त्या व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत एका बाजूला वळावं लागलं असतं. डावीकडे वळला असता तर आईला सोडलं, उजवीकडे वळला असता तर बापाला. मोठी माणसं महिनोन्महिने भांडतात तो सगळा दावा आठ वर्षांच्या पोराच्या दोन पावलांवर आला असता. तुम्ही त्याला तिथपर्यंत जाऊच दिलं नाहीत. तो आमच्या मधोमध आला, दोघांची बोटं धरली आणि "भूक लागली" म्हणाला.

तुम्ही काय विचारलंत, हे मी त्याला विचारलं नाही, कारण तुम्ही बजावलं होतंत. काही दिवसांनी त्यानेच सांगितलं. दप्तर कोण भरतं, अभ्यासाला कोण बसतं, रात्री दिवा चालू लागतो का, असं विचारलंत म्हणे. आणि सांगितलंत, "ठरवायचं काम मोठ्यांचं. तुझ्यामुळे काही झालं असं कुणी म्हणणार नाही." त्यानंतर त्याचं पोट दुखायचं थांबलं. डॉक्टर करून, औषधं देऊन थांबलं नव्हतं ते.

मग मी वाचलं की 1953 साली चीनच्या भेटीनंतर समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई देशमुखांनी कौटुंबिक तंट्यांसाठी वेगळी न्यायालयं हवीत असा आग्रह धरला होता. मुंबई उच्च न्यायालयातल्या छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींशी त्या त्याबद्दल बोलल्या होत्या. कायदा मात्र 1984 साली झाला, आणि महाराष्ट्रातलं पहिलं कुटुंब न्यायालय 1989 मध्ये आपल्या पुण्यात आलं. एवढ्या वर्षांची खटपट कशासाठी होती, ते मला त्या दाराशी समजलं. कायद्यात समुपदेशकाची तरतूद आहे, पण पोर बाहेर यायच्या आधी स्वतः बाहेर यावं, असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. ते तुमच्या मनाने केलंत. रोज इतक्या घरांचं दुःख ऐकूनही तुमचं मन निबर झालं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. पगार, पद, अधिकार बऱ्याच जणांकडे असतो. समोरच्या लहान जिवाला काय सोसावं लागेल याचा एक क्षण आधी विचार करणारी माणसं मात्र मला फार थोडी भेटली.

लेक आता पाचवीत आहे. सुट्ट्यांचं वेळापत्रक तुम्ही आमच्याकडून ठरवून घेतलं होतंत, गणपती तिकडे, दिवाळी इकडे. यंदा त्याच्या आजोबांची तब्येत बरी नव्हती म्हणून त्याच्या बाबांनी फोन करून दिवाळीतले दोन दिवस मागितले. मी हो म्हटलं. कोर्टात जावं लागलं नाही, वकिलांना विचारावं लागलं नाही. लेकाने स्वतःचं दप्तर स्वतः भरलं आणि जाताना चकल्यांचा डबा आजोबांसाठी मागून घेतला.

तुमची ऋणी,
एक आई, पुणे