हवाई विकत घेतलेले नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील लेखात अमेरिकेने हवाई बेटे 'विकत घेतली' असे ओझरते वाक्य आहे. विकत घेतला तो अलास्का, १८६७ मध्ये, रशियाकडून. हवाईचे राज्य गिळले गेले, आणि त्याला आडवा आला तो खुद्द अमेरिकेचाच एक अध्यक्ष. लेखात त्याचे नावही नाही, म्हणून हे पत्र.

जानेवारी १८९३ मध्ये होनोलुलूतील गोऱ्या व्यापारी-मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानी यांना गादीवरून खाली खेचले. (मुळाशी साखर होती. साखरेचे राजकारण आपल्याला काय सांगावे!) अमेरिकेचे तिथले राजदूत जॉन स्टीव्हन्स यांनी आदल्या दिवशीच 'बोस्टन' युद्धनौकेवरचे १६२ सैनिक शहरात उतरवले होते. महिन्याभरात विलीनीकरणाचा करार सिनेटपुढे गेलासुद्धा.

४ मार्चला ग्रोव्हर क्लीव्हलँड अध्यक्ष झाले आणि ९ मार्चला त्यांनी करार परत मागवला. चौकशीला पाठवलेल्या जेम्स ब्लाउंट यांनी होनोलुलूत पोचताच सरकारी इमारतीवरचा अमेरिकी झेंडा उतरवायला लावला. डिसेंबरात क्लीव्हलँड यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, लेखीच कळवले, की राणीचे सरकार आपल्या सैन्याच्या धाकाने पडले आहे.

त्यांना देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणत नाही. राणीला गादी परत द्यायला बंडवाल्यांनी नकार दिल्यावर त्यांनी प्रकरण काँग्रेसच्या गळ्यात टाकले, आणि १८९४ मध्ये बंडवाल्यांच्या प्रजासत्ताकाला मान्यताही दिली. पण ते खुर्चीत असेपर्यंत विलीनीकरण झाले नाही. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष मॅकिन्ले यांनी १८९७ मध्ये नवा करार आणला. त्याविरुद्ध २१ हजारांहून अधिक हवाईकरांनी अर्जावर सह्या केल्या आणि सिनेटमध्ये करारासाठी लागणारी दोन-तृतीयांश मते काही जुळेनात. मग १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध पेटलेले असताना, साध्या बहुमताच्या ठरावाने बेटे घेतली.

मुलीकडे गेलो असताना होनोलुलूतला इओलानी राजवाडा पाहिला. १८९५ मध्ये राणीला तिच्याच वाड्यातल्या ज्या खोलीत कोंडले होते, तिथे तिने कैदेत शिवायला घेतलेली रेशमी तुकड्यांची गोधडी काचेआड ठेवली आहे. मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे भरलेले आहेत. आमची ही बराच वेळ नुसते टाके बघत उभी होती. पुढच्या पुरवणीत चूक दुरुस्त करणार असाल, तर सोबत त्या गोधडीचा फोटो जरूर छापा.

– एक वाचक, ठाणे