‘चालु’ म्हणजे पुरे

सोलापूर,
रविवार, रात्री दहा

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर मनातलं बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. वसतिगृहातून मी पाठवलेली पत्रं तुम्ही अजून ट्रंकेत जपून ठेवलीत, असं आई मागे म्हणाली होती. हेही तिथंच ठेवा. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय. आईला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

पाडव्याला तुम्ही म्हणालात, “डी.एड. करून शेवटी लोकांची पोरंच सांभाळायची होती, तर एवढं शिकवलं कशाला?” मी ‘हं’ म्हणून फोन ठेवला. तुम्ही काळजीपोटी बोललात, हे मला कळतं. त्या शाळेत दोन वर्षं अर्ध्या पगारावर राबले आणि शेवटचे पाच महिने तोही मिळाला नाही, तेव्हा तुमच्याच जिवाला जास्त लागलं होतं. पण बाबा, ते वाक्य काही मनातून जात नाही. पाळणाघरात दिवसभर मी काय करते हे तुम्ही कधी पाहिलेलंच नाही. म्हणून लिहिते.

सध्या सहा मुलं आहेत. धाकटं चौदा महिन्यांचं, थोरली पावणेतीन वर्षांची. सहाच्या वर मी घेत नाही. मदतीला शेजारच्या काकू असतात. गॅस लीक झाला किंवा काही पेटलं, तर आम्हा दोघींना सहाही पोरं एका खेपेत उचलून रस्त्यावर आणता आली पाहिजेत. तेवढीच घ्यायची, असं पहिल्या दिवशी ठरवलं. सातव्यासाठी चौकशी करायला लोक येतात, पैसेही जास्त देऊ म्हणतात. नाही म्हणताना वाईट वाटतं, पण नाहीच म्हणते.

सकाळी साडेआठला छकुली येते. तिची आई नर्स आहे. त्यानंतर बँकेतल्या जोडप्याचा दादू, मग बाकीचे. पहिला अर्धा तास रडारडीचा. आयांना मी एकच गोष्ट बजावून ठेवली आहे, मुलाचा डोळा चुकवून पळायचं नाही. “मी जाते, संध्याकाळी येते,” असं त्याच्या तोंडाकडं बघून सांगायचं, मग ते कितीही रडो. ज्याला फसवून ठेवलं ते पोर दिवसभर दाराकडं बघत बसतं, खेळत नाही की जेवत नाही. सांगून गेलेल्या आईसाठी रडलेलं पोर दहा मिनिटांत माझ्या कडेवर मान टाकतं.

आई, आता तुझ्या आवडीचं, खाण्याचं सांगते.

आल्यावर नाचणीचं सत्त्व नाहीतर ज्वारीच्या पिठाची आंबील. दहाच्या सुमारास केळं किंवा पपई. बाराला जेवण. वरणभात रोज असतोच, पण मी भाकरीवर आले आहे. ताजी भाकरी, पापुद्रा आणि कड काढून, मुगाच्या पातळ वरणात कुस्करायची आणि वर घरचं तूप. भाजी फोडणीआधीच वेगळी काढते, मोठ्यांच्या भाजीत मग काळं तिखट पडतं. दुपारी उठल्यावर लाह्यांचं पीठ दुधात, किंवा दह्याबरोबर मऊ धपाटा. अख्ख्या लाह्या इतक्या लहानांना देत नाही, घशात चिकटतात. वर्षाच्या आतलं कुणी असलं तर मध अजिबात नाही. तू आम्हाला मधाचं बोट चाटवलंस, सगळेच चाटवायचे. पण मधातल्या एका जंतूचं विष तान्ह्याच्या आतड्यात तयार होऊ शकतं, म्हणून आता डॉक्टर पहिलं वर्ष मध नको म्हणतात.

बिस्किटाचा पुडा कुणी पिशवीत घालून पाठवला तर संध्याकाळी तसाच परत देते. सुरुवातीला दोन घरं रागावली. बिस्किटावर पोट भरलं की बाराला पोर ताटाकडं बघत नाही, आणि घरचे म्हणतात, “आमचा काही खातच नाही.” नवीन भाजी पहिल्यांदा थुंकतात म्हणून सोडायची नसते. दोडका मी आठ-दहा वेळा वाढला, एकेक घास, आग्रह न करता. एका दुपारी दादूनं स्वतःच उचलून खाल्ला.

आता जे सांगायचं आहे ते ऐका. आमच्याकडं एक दीड वर्षाची मुलगी आहे. तिच्या घरी तेलुगू बोलतात. तिची आई युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईवर आहे. तुम्हाला माहीतच आहे, अशोक चौकाच्या या बाजूला निम्मी गल्ली तेलुगू बोलते. पहिल्या आठवड्यात ही पोरगी जेवताना मला “चालु, चालु” म्हणायची. मला वाटलं, चालू ठेवा म्हणतेय. भूक आहे लेकराला, म्हणून मी अजून एक घास करायची. ती तोंड फिरवायची आणि डोळ्यांत पाणी आणायची, तरी “चालु”. तिसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. संध्याकाळी तिच्या आईला विचारलं तेव्हा समजलं, तेलुगूत चालु म्हणजे पुरे. तीन दिवस ते एवढंसं लेकरू त्याच्या भाषेत स्वच्छ सांगत होतं की पोट भरलं, आणि मी कोंबत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या आईला थांबवून रोज एकेक शब्द विचारून वहीत लिहिला. नीळ्ळु म्हणजे पाणी, पालु म्हणजे दूध, इंका म्हणजे अजून, वद्दु म्हणजे नको. आता ती “चालु” म्हणाली की मी लगेच वाटी खाली ठेवते. आणि गंमत बघा, बाकीची पाच पोरंही पोट भरलं की “चालु” म्हणतात. दादू मराठी, पण त्याच्या तोंडी पहिला ‘पुरे’ हाच बसला. आई, तू आम्हाला “ताटात टाकायचं नाही” म्हणून शेवटचा घास भरवायचीस, मी पण तशीच वाढले. आता मी ताटात आधीच कमी वाढते आणि ‘इंका’ची वाट बघते.

एक प्रसंग तुम्हाला कळवला नव्हता, घाबराल म्हणून. माघात मी दुपारी शेंगा निवडत होते, चटणीसाठी. मुलं झोपली होती. सूप उचललं तेव्हा एक शेंगदाणा फरशीवर राहिला असणार. सगळ्यात धाकट्यानं उठल्याबरोबर तो तोंडात घातला. आधी खोकला आला. पोर खोकतंय तोवर खोकू द्यायचं, हे शिकवलेलं होतं, म्हणून हात बांधून बघत राहिले. मग आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. मी त्याला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरात मारलं. एक, दोन, तीन. चौथ्याला शेंगदाणा बाहेर पडला आणि ते मोठ्यानं रडलं. बाबा, रडणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं. त्याच्या आईला संध्याकाळी सगळं खरं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ठीक होतं. तिनं मुलाला माझ्याकडून काढलं नाही.

आपल्याकडं ठसका लागला की टाळूवर थापटून “वर बघ, वर बघ” म्हणतात. ते करायचं नाही. तोंडात न बघता बोट घालायचं नाही, आत ढकललं जातं. आई, हे तू भावजींच्या सुनेलाही सांग, तिचं बाळ आता रांगायला लागलं असेल. आपल्या सोलापुरात शेंगदाण्याशिवाय चूल पेटत नाही, पण पाच वर्षांच्या आतल्या पोरासाठी तो अख्खा नाहीच, बारीक कूट करूनच. आता शेंगा निवडणं सगळी मुलं घरी गेल्यावर. मग केरसुणी, मग गुडघ्यावर बसून पलंगाखाली हात फिरवते.

खेळ म्हणाल तर विकतचे थोडेच. जुनी सोलापुरी चादर पसरायची, दोघांना मधे बसवायचं आणि काकूंनी व मी चार कोपरे धरून फरशीवर ओढायची. चादरगाडी! त्यातून उतरायला कुणी तयार नसतं. टॉवेलच्या कारखान्यातून कापलेल्या कडा आणते, त्यांच्या घड्या घालायच्या, पुन्हा मोडायच्या, तासभर जातो. भाकरीचं पीठ मळताना प्रत्येकाला एक गोळा देते. थोरली तो थापते, दोन्ही तळव्यांनी, अगदी आईसारखी मान वाकडी करून.

पाण्याचं मात्र मन मारावं लागतं. नळाला रोज पाणी येत नाही आणि पोरांना तर पाणीच हवं असतं. घमेल्यात दोन तांबे पाणी घेते, एका वाटीतून दुसरीत ओतत बसतात. मी शेजारून हलत नाही, तेवढ्या पाण्यातही लहान पोर तोंडावर पडलं तर धोका असतो. खेळ झाला की तेच पाणी तुळशीला. टीव्ही लावत नाही. दुपारी ऊन बेचाळीसच्या पुढं जातं, तेव्हा खिडकीला ओला पडदा आणि शहाबादी फरशीवर चादरी. प्रत्येकाची चादर ठरलेली, रंगावरून ओळखतात. आई, झोपवताना मी तुझ्याच जात्यावरच्या ओव्या म्हणते. अर्थ कुणाला कळत नाही, पण चौथ्या ओवीपर्यंत चार जण गार.

बाबा, डी.एड.ला आम्हाला अभ्यासात बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक होत्या. त्या काळात बी.ए. झालेली बाई, पुढं 1962 साली पद्मभूषण मिळालं. त्यांनी बोर्डीला 1945 मध्ये खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि नंतर कोसबाडला आदिवासी पाड्यांवर. थोरल्या मुली शाळेत का येत नाहीत, तर धाकटं भावंड कडेवर असतं म्हणून, हे त्यांनी पाहिलं. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात घेतली. परीक्षेसाठी पाठ केलं होतं ते मी. पाच मार्कांना यायचं.

पण बाबा, हे वाचताना मला अक्का आठवली नव्हती. ती आत्ता आठवली, पाळणाघर सुरू केल्यावर, एका दुपारी सहा पोरं झोपलेली असताना. मी झाले तेव्हा अक्का चौथीत होती. आई सुगीला जायची, बांधावरच्या बाभळीला माझी झोळी, आणि झोका द्यायला अक्का. तिची शाळा सुटली ती सुटलीच. मी डी.एड. झाले आणि अक्का सही करताना अजून थांबून थांबून अक्षर काढते. मी तुम्हाला दोष देत नाही, दोघं राबल्याशिवाय घर चालतच नव्हतं. पण गावात तेव्हा एक खोली आणि एक बाई असती, तर अक्का शिकली असती. दादूच्या आईनं बाळंतपणानंतर नोकरी सोडायचं ठरवलं होतं. छकुलीच्या घरी नववीतली आत्या आहे, तिनं शाळा सोडून पोरगी सांभाळावी असं घरात चाललं होतं. ती यंदा दहावीला बसेल.

म्हणून पारावर कुणी विचारलं, तुमची धाकटी काय करते, तर “शाळेत आहे” असं सांगू नका. पाळणाघर चालवते म्हणून सांगा. एवढंच मागते.

आणि एक-दोन कामं. बाबा, यंदाच्या सुगीची मालदांडी ज्वारी अर्धा क्विंटल ठेवा माझ्यासाठी. इथं दुकानात मंगळवेढ्याची म्हणून विकतात, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाचं नाव सांगतात, पण आपल्या काळ्या रानातल्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, तशी ही राहत नाही. आई, हुलग्याचं माडगं तू आजारपणात द्यायचीस ते नेमकं कसं? हुलगे भाजून दळायचे की आधी दळून पीठ भाजायचं? गूळ किती, आणि सुंठ एवढ्या लहानांना चालेल का? फोनवर सांगशील तर मी लिहून घेईन.

शक्य झालं तर ज्वारी घेऊन दोघंच या, आठ दिवस राहायला. एसटीनं दीड-दोन तासांचं तर अंतर. आईच्या गुडघ्यांसाठी खाली बसायचं काही काम ठेवणार नाही, खुर्ची मागवून ठेवली आहे. बाबा, तुम्ही नुसते ओसरीत बसा. दादूला मिशा ओढायला फार आवडतं, आणि आमच्याकडं कुणालाच मिशा नाहीत.

उद्या पहाटे चारला पाणी आहे, थांबते.

तुमची,
धाकटी

ता. क. पोत्याचं तोंड दुहेरी शिवा. मागच्या वेळी एसटीत सांडली होती, आणि आता घरात एक दाणाही फरशीवर पडलेला मला चालत नाही.