वस्ताद, त्या मोसंबीबद्दल

वस्ताद, साष्टांग नमस्कार.

हे तोंडावर बोललो असतो तर "गप बस, जोर मार" म्हणून हाकलून दिलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहितोय.

तालीम सोडून मी एमएमएकडे, त्या ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडे, वळलो तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरगं मातीला विसरलं, पैशाच्या मागं लागलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "तिथं पट काढता येतो नव्हं?" येतो वस्ताद, आणि पट काढण्यात, पायाला धरून समोरच्याला पाडण्यात, आपल्या पोरांचा हात कुणी धरत नाही. पंचाईत होते ती पुढं. पाठ लागू नये म्हणून आपण पालथं पडायला शिकलेलो. तिथं पालथं पडलं की समोरचा पाठीवर बसून गळा आवळतो. ही सवय मोडता मोडता नाकी नऊ आले. हरियाणातल्या बलालीच्या आखाड्यातली रितू फोगाट २०१९ मध्ये सिंगापूरला जाऊन हे सगळं नव्यानं शिकली. तीही २०२१ ला वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या स्पर्धेत, अंतिम लढतीत स्टॅम्प फेअरटेक्सच्या आर्मबारमध्ये, हात कोपरातून उलटा ताणायच्या डावात, सापडलीच.

डाव शिकता येतात. वजनाचं तसं नाही. कुस्तीत आता लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं करतात, आमच्याकडं बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी. मधे रात्र मिळते, म्हणून जो तो अंगातलं पाणी काढून खालच्या गटात घुसायला बघतो. मलाही घुसवलं. ज्यांनी घुसवलं ते म्हणाले, "सगळेच करतात." त्यांची नावं घेत नाही, पोस्टरवर ती माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत प्लास्टिकचा सूट, वर दोन ब्लँकेटं, आणि अजून दीड किलो बाकी. घाम यायचा थांबला होता. सगळे शेजारच्या खोलीत फोनवर. आईनं पाठवलं म्हणून तुम्ही आलात, धोतर सावरत खाली बसलात आणि माझ्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. तुम्ही म्हणालात, "काटा ऱ्हाऊ दे तिकडं. ह्यो मला घरी न्यायचाय."

मग पिशवीतनं मोसंबं काढलंत. आयुष्यभर मानगुटी वाकवलेली ती जाडजूड बोटं, पण फोडीवरचा पापुद्रा असा सोडवलात की थेंब सांडला नाही. बी काढलीत, फोड ओठाला नुसती लावलीत. "चोखायचं. गिळायची घाई नको." डॉक्टर नंतर आले, सलाईन नंतर लागलं, लढत रद्द झाल्याची बोंबाबोंबही नंतरची. मला आठवते ती फोड.

हे मी उगाच वाढवून सांगत नाही. अमेरिकेचा डॅनियल कॉर्मिए २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला कुस्ती संघाचा कप्तान म्हणून गेला आणि वजन उतरवता उतरवता किडन्यांनी दगा दिल्यामुळं न लढताच परतला. तो वाचला, म्हणून पुढं एमएमएत आला आणि यूएफसी या अमेरिकेतल्या एमएमए संस्थेचे दोन गटांतले पट्टे जिंकला. वन चॅम्पियनशिपमध्ये लढायला वजन उतरवणारा चीनचा यांग जिआन बिंग वाचला नाही. डिसेंबर २०१५, मनिला, वय २१. त्यानंतर कुठं त्या संस्थेनं पाणी तोडून वजन उतरवायला बंदी घातली. पॅरिस ऑलिम्पिकला विनेश फोगाटचे जास्तीचे १०० ग्रॅम अख्ख्या देशानं मोजले. त्या रात्री तिच्या जिवाचं काय झालं असेल ते मला विचारा.

आपल्याकडं कौतुक करणारे खंडीभर आहेत, वस्ताद. हार घालतील, फोटो काढतील, फ्लेक्स लावतील. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायचं होतं तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तसली माणसं आधी येतात, पदक मिळायच्या आधी. तुम्ही तर माझी लढत मोडायलाच आलात!

आता मी वरच्या गटात लढतो. भाकरी खाऊन काट्यावर उभा राहतो. आई विचारत होती, वस्तादांना काय द्यायचं? मी म्हटलं, काही देऊ नकोस, परत करतील. तरी तिनं तुपाचा डबा भरून ठेवलाय. रविवारी तालमीत घेऊन येतो. शिव्या घाला, पण डबा ठेवून घ्या.

तुमचा,
हौद्यात सगळ्यात जास्त मार खाल्लेला पठ्ठ्या