घराची किल्ली अजून देऊ नका

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता काल मी एक गोष्ट केली आहे, ती आधी सांगून टाकते. आपलं घर विकत घेणाऱ्या त्या गृहस्थांना मीच फोन केला. किंमत ठरल्याप्रमाणे ६८ लाखच राहील. किल्ली सगळे पैसे मिळाल्यावर मिळेल. २५ तारखेपर्यंत करार नोंदवला नाही तर टोकनचा १ लाख परत करून आपण मोकळे होऊ. आणि यापुढे जे बोलायचं ते माझ्याशी, रात्री साडेनऊला तुम्हाला फोन नको. नंतर हे सगळं मेसेजवर लिहूनही पाठवलं. तुम्ही शब्द दिला होता आणि मी मध्ये पडले, याचं तुम्हाला वाईट वाटणार हे मला माहीत आहे. पण तुमचा शब्द मोडलेला नाही, बाबा. तुम्ही ६८ ला देतो म्हणालात, आपण ६८ ला देतोच आहोत. फिरले ते.

आई सांगत होती, फोन येऊन गेला की तुम्ही बारा वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडता आणि सकाळी बीपी वर जातं. एवढ्यासाठी तरी माझ्यावर रागवू नका.

ते माणूस म्हणून वाईट नाहीत. ते दर आठवड्याला नवीन काहीतरी का काढतात, ते आकड्यांत दिसतं. ६८ लाखांच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे ५४,४०,०००. उरलेले १३,६०,००० त्यांनी स्वतःचे घालायचे. शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४,७६,०००, आणि नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. हे दोन्ही कर्जात धरत नाहीत. म्हणजे हातचे साडेअठरा लाखांच्या वर रोकडे लागतात, आणि माझा अंदाज आहे की तेवढे त्यांच्याकडे नाहीत. म्हणून कधी ओल, कधी कारपेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ), कधी रोखीचं. त्यांची अडचण खरी असेल, पण ती आपल्या किमतीतून भागवायची नाही. मी त्यांना एक सुचवलं आहे: घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ६८,००० वाचतात. कर्जाला नवरा सहकर्जदार राहू शकतो. यात आपलं काही जात नाही. तुम्हाला कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवणं जमत नाही, म्हणून हे मुद्दाम शोधलं.

आता त्यांच्या एकेका मागणीचं.

बेडरूमच्या भिंतीवरची ओल. ४ लाख कमी करा म्हणतात. ती भिंत वरच्यांच्या बाथरूमखाली आहे आणि डाग मे महिन्यातही ओला असतो, म्हणजे पावसाचं पाणी नाही. वरच्या घरातून येणारी गळती वरच्या सभासदाने दुरुस्त करायची असते. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून आली तर सोसायटीने. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, प्लंबरला वरच्यांच्या बाथरूमची जाळी बंद करून २४ तास रंगीत पाणी साठवून बघायला सांगा. खाली रंग उतरला की वाद मिटतो. दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक घ्या. फार तर तेवढी रक्कम, आणि तीही वरच्यांनी दिली नाही तरच, आपण सोडू. तोपर्यंत त्यावर रंग मारू नका, बाबा. झाकलेली ओल नंतर बाहेर आली की फसवलं असं होतं, आणि ते तुम्हाला सहन होणार नाही.

कारपेटचं. त्यांनी टेप लावून ५०८ चौरस फूट मोजले आणि १०२ फूट कमी भरले म्हणून बसले. आपल्या १९८८ च्या करारात ६१० लिहिलंय ते बिल्ट-अप, भिंतींसकट. तेव्हाच्या हिशोबात कारपेटच्या १.२ पट बिल्ट-अप धरत. ६१० भागिले १.२ केले की ५०८ च येतात. कमी काहीच नाही. करारात आपण दोन्ही आकडे लिहू आणि किंमत एकूण घराची आहे, फुटाच्या दराने नाही, असं वाक्य घालू. वकिलांना मी सांगितलं आहे.

६२ लाख कागदावर आणि ६ लाख रोख, याला तुम्ही तोंडावर नाही म्हणालात हे ऐकून फार बरं वाटलं. आता पुन्हा विचारतील. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घेणारे आपण. आणि नाशिकच्या तुमच्या नव्या घराचे पैसे बँकेतून द्यायचे आहेत, तिथे ती रोकड काय करायची?

पार्किंग करारात लिहून द्या म्हणतात. ते देता येत नाही. जिन्याखालची जागा सोसायटीने तुम्हाला वापरायला दिलेली आहे, ती आपल्या मालकीची नाही. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा, वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं आहे. त्यांनी सभासद झाल्यावर सोसायटीकडे अर्ज करावा. ‘बघू, होऊन जाईल’ एवढंसुद्धा म्हणू नका, बाबा. तुमच्या ‘बघू’ला ते ‘हो’ समजतात.

आणि किल्ली. सगळ्यात जास्त काळजी मला याचीच आहे, म्हणून रागावून नाही, हात जोडून सांगते. सुताराला काम सुरू करायचंय, पाडव्याला कलश ठेवायचाय, त्यांच्या पत्नीची फार इच्छा आहे, हे सगळं खरं असेल. पण पैसे बाकी असताना एकदा त्यांचं सामान आत गेलं की घराचा ताबा त्यांचा झाला. मग उरलेल्या ५४ लाखांची त्यांना घाई राहत नाही, आणि बाहेर काढायचं म्हटलं तर कोर्टाशिवाय मार्ग नाही. कर्ज अडकलं तर आपण घराबाहेर आणि पैशांवाचूनही. सुताराला मापं घ्यायला दोनदा येऊ द्या, तुम्ही घरात असताना, तासाभरासाठी. आई, चहा दे, पोहे दे, किल्ली देऊ नकोस.

लाल फाईलही तशीच. मूळ करार ‘बँकेला दाखवायला’ मागतील. बँकेचे वकील दुय्यम निबंधकांच्या दप्तरात शोध घेतात, तेवढ्यासाठी झेरॉक्स पुरते. मूळ कागद तपासायचेच असतील तर वकिलांनी आपल्या घरी, तुमच्यासमोर बघावेत. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘फक्त गृहकर्जासाठी’, खाली तारीख आणि सही. आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी द्या, ती मी पाठवली आहे. मूळ करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि जुनं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, हे पाच कागद फक्त एकाच दिवशी हातातून जातील: बँक ५४,४०,००० देईल त्या दिवशी, बँकेतच, यादीवर पोच घेऊन.

पैशांचा क्रम मी वकिलांकडून करारातच घालून घेतला आहे. त्यांच्या १३,६०,००० पैकी १ लाख टोकन आलेलंच आहे, ६८,००० टीडीएस (त्यांनी कापून सरकारात भरायचा कर), उरलेले ११,९२,००० नोंदणीच्या दिवशी आरटीजीएसने. अंगठा लावायच्या आधी पैसे खात्यात दिसले पाहिजेत. त्यांच्या मोबाईलवरचा फोटो नाही, तुमच्या खात्यात. मी बाजूला असेनच. चेक देतो म्हणाले तर चालेल, पण तो वटल्यावरच नोंदणीची तारीख.

टीडीएसमुळे गोंधळू नका. ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारात भरायचा असतो. घर तुमच्या दोघांच्या नावावर, म्हणून ३४,००० बाबांच्या पॅनवर आणि ३४,००० आईच्या, चलनं वेगवेगळी. लोक कापतात आणि भरायला विसरतात, किंवा सगळे एकाच्याच पॅनवर भरतात, आणि मग निस्तरायला आपण. कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांची मुदत असते. म्हणून दोन्ही चलनं दाखवल्याशिवाय किल्ली नाही, अशी अट आहे. आई, तुझं पॅन आधारला जोडलेलं आहे, मी बघितलं. नसतं तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागले असते.

एक गोष्ट तुम्हाला नीट माहीत असावी म्हणून लिहिते, घाबरवायला नाही. करार एकदा नोंदवला की इंडेक्स टूला त्यांचं नाव लागतं. पुढे त्यांनी पैसे दिले नाहीत तरी आपल्याला घर लगेच दुसऱ्याला विकता येत नाही. रद्दलेख करावा लागतो, तोही नोंदणी करून आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. सही द्यायला त्यांनी टाळाटाळ केली की वर्षं जातात. म्हणून मी नोंदणीच्या आधी हटून बसले आहे. कर्जाचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय नोंदणी नाही, नोंदणीपासून ४५ दिवसांत बँकेचे पैसे, नाही आले तर त्यांनी १५ दिवसांत रद्दलेखावर सही करायची आणि टोकनचा १ लाख वजा करून बाकी आपण परत द्यायचे. त्यांना हे जाचक वाटतंय. सरळ माणसाला यात काही अडचण नसते.

सोसायटीचं थोडंच आहे. हस्तांतरण फी ५००, प्रवेश फी १०० आणि प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००. तो निम्मा-निम्मा ठरलाय. ‘देणगी’ कुणी मागितली तर पावती देणार का एवढंच विचारा. मेंटेनन्सची आणि घरपट्टीची ताजी पावती तयार ठेवा.

नोंदणीला जायची तुम्हाला धास्ती वाटते ते कळतंय मला. आईच्या गुडघ्यांना ते जिने झेपायचे नाहीत. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे जाणं शक्य नसेल तर अर्ज करून नोंदणी अधिकाऱ्यांना घरी बोलावता येतं, कायद्यात तशी सोय आहे. मी अर्जाचं विचारून ठेवलंय. ते जमलं नाही तर सकाळची पहिली वेळ घेऊ, आणि नातू आजीला धरून नेईल.

नाशिकचं घर तुमच्या दोघांच्याच नावावर होणार आहे, माझ्या नाही. आत्याने काहीही सांगितलं असलं तरी. ते तसं असणंच बरं, कारण जुनं घर विकून आलेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवं घर विकणाऱ्यांच्याच नावावर हवं, विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांच्या आत घेतलेलं. लिफ्ट आहे, आणि बाथरूमला उंबरठा नाही. ओटा आई, तुझ्या कमरेच्या मापाने करून घेतलाय. मागे तू चाळणी खाली ठेवायला वाकायचीस ना, तसं वाकावं लागणार नाही. देव पूर्वेच्या भिंतीला. बाबा, डोंबिवलीच्या फडके रोडची दिवाळी पहाट काही नाशिकला आणता येत नाही, ते मी कबूल करते. पण दर दिवाळीला मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन. आणि १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे इथे, तुमचा सभासदत्वाचा अर्ज आणून ठेवलाय. सही तेवढी राहिली आहे.

तुम्ही मला बोट धरून ज्या जिन्यावरून आकडे शिकवलेत, तो जिना सोडायला लावतेय मी. बावन्न पायऱ्या. रोज आठवतात. पण त्याच पायऱ्यांवर आई दोनदा बसून राहिली, हे तुम्ही दोघांनी मला सांगितलं नव्हतं, शेजारून कळलं.

तेव्हा आता ऐका. फोन आला तर ‘चिमीशी बोला’ एवढंच म्हणायचं. टोकनच्या पावतीवर तारीख नाही, नवीन पावती मी पाठवतेय, त्यावर त्यांची सही घ्या. कोणी क्यूआर कोड पाठवून ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणालं तर टाकायचा नाही; पैसे घ्यायला पिन लागत नाही. बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळी. मी २३ ला रात्री पोचते.

तुमची,
चिमी

ता. क. – झोपाळा त्यांना देऊन टाकू असं बाबा म्हणाले आणि आई काही बोलली नाही. ती का बोलली नाही ते मला कळलं. घराबरोबर जाणाऱ्या वस्तूंची यादी करारामागे जोडली आहे: चार पंखे, गिझर, स्वयंपाकघरातली टाकी, खिडक्यांच्या जाळ्या. झोपाळा त्यात नाही. छतातले हूक स्लॅबमध्ये ओतलेले आहेत, ते राहतील. फळी आणि पितळी साखळ्या आपल्या. नाशिकला हॉलच्या तुळईत हूक बसवून घेतलेत. छत थोडं खाली आहे, म्हणून चारही साखळ्यांच्या दोन-दोन कड्या काढाव्या लागतील. त्या काढलेल्या कड्या टाकू नकोस, आई.